तीनाने तोंड फिरवलं

“हलवू नकोस! डिंक सुकायचाय अजून.”

राजसने दम भरला, तशी अनुयाने हातातलं पुठ्ठ्याचं खोकं मुद्दाम आणखी हलवलं. दोघं सख्खे भाऊबहीण. वयात वर्षाचं अंतर आणि एरवी कायमचा छत्तीसचा आकडा.

खोकं बुटाचं होतं. त्याच्या दोन टोकांना आरशाचे दोन तुकडे तिरके चिकटवून राजस पेरिस्कोप बनवत होता. एक्याण्णव सालची मे महिन्याची सुट्टी, विचुंब्यातल्या आमराईत आंबा पिकलेला आणि मध्ये पुरुषभर उंचीची भिंत. राखणदार नक्की कुठे झोपलाय हे भिंतीवर न चढता कळायला हवं होतं. पाणबुडीतल्या लोकांची अडचण काही वेगळी नसते.

हा सगळा कारखाना वेणूच्या अंगणात, तिच्या आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, रिक्षात चालला होता. राजस-अनुया शेजारच्या नव्या बिल्डिंगमध्ये राहायचे. उभ्या रिक्षात बसून खेळायला मिळतंय याचं पहिल्या दिवशी त्यांना अप्रूप वाटलं होतं. आज शनिवार, चौथा दिवस. आता त्यांनाही ते बरं वाटेनासं झालं होतं. कारण दिवसाउजेडी ही रिक्षा अंगणात असायलाच नको होती.

झालं होतं ते असं. मंगळवारी सकाळी पनवेलला रिक्षा स्टँडच्या जरा पुढे, विठूच्या सलूनसमोर, एका रिक्षाने सोनाबाईला पाडलं. सोनाबाई कोळीवाड्यातली, बाजारात मासळी विकणारी. टोपली उलटली, कोळंबी रस्ताभर झाली आणि तिच्या पायाचं हाड मोडलं. रिक्षावाला थांबलाच नाही. पण युनियनने प्रत्येक रिक्षाला स्टँडचा नंबर दिलेला होता. पिवळ्या गोलात काळा आकडा, दोन्ही बाजूंच्या पत्र्यावर आणि पाठीमागे, लांबून दिसावा असा परातीएवढा. तो आकडा विनायक गुरुजींनी सलूनमधून पाहिला होता. सहासष्ट.

सहासष्ट नंबर काशिरामचा. म्हणजे वेणूच्या आबांचा.

आबा त्या वेळी सुकापूरला पॅसेंजर सोडून रिकामे परत येत होते. पॅसेंजर पुण्याचा पाहुणा, तो त्याच दिवशी परत गेला. त्याचं नाव गाव कुणालाच माहीत नव्हतं. माणसाला पाडून पळणाऱ्याचा नंबर कायमचा पुसायचा, असा युनियनचा नियम होता. उद्या रविवारी अकरा वाजता मीटिंग होती. रंगाचा डबा आणि ब्रश आणून ठेवलाय, हेही कुणीतरी येऊन सांगून गेलं होतं. लोक अशा बातम्या किती तत्परतेने आणतात!

आबा ओट्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. वेणूला त्यांच्याकडे बघवत नव्हतं, आणि न बघता राहवतही नव्हतं. रिक्षात हँडलच्या वर एक छोटा आरसा होता. रोज शाळेत जाताना ती मागे बसायची आणि त्या आरशात आबांचे डोळे शोधायची. डोळे सापडले की आबा डावा डोळा मिचकावायचे. “तुमाला कसं कळतं मी बघते ते?” लहानपणी तिने विचारलं होतं. “तुला आरशात माझं डोलं दिसलं, म्हंजे मलाबी तुझं दिसतात. आरसा एकाच्याच बाजूनं नसतो पोरी,” आबा म्हणाले होते. बुधवारी युनियनची माणसं बंदी सांगून गेली आणि आबांनी तो आरसा वर छताकडे फिरवून ठेवला. तेव्हापासून तो तसाच होता.

हातावर हात ठेवून ही मुलं बसली नव्हती. गुरुवारी तिघं सायकली मारत गुरुजींच्या घरी गेली होती. गुरुजींनी आत बोलावलं, प्रत्येकाच्या हातावर राजगिऱ्याची वडी ठेवली. वेणूला वाटलं, आता ऐकतील. पण गुरुजी म्हणाले, “वेणू, काशिराम माझा विद्यार्थी. त्याचं नाव सांगताना मला आनंद झाला असेल का? पण मी या डोळ्यांनी पाहिलंय. मला लांबचं लख्ख दिसतं. चाळीस वर्षं मी मुलांना आकडे शिकवले. आकडा वाचण्यात माझी चूक होईल, असं वाटतं तुला?”

गुरुजी खोटं बोलत असते तर भांडता तरी आलं असतं. ते खरं बोलत होते, आणि आबाही खरं बोलत होते.

सोनाबाईकडेही तिघं जाऊन आली होती. ती प्लास्टरमधला पाय पाटावर ठेवून बसली होती. “रिक्षा उलटी मागं मागं आली, मला पाडली नि कोलीवाड्याकडं पलाली,” ती म्हणाली.

“पण गुरुजी म्हणतात, उजवीकडे गेली. एसटी स्टँडकडे,” अनुया म्हणाली. “सलूनच्या दारात उभं राहून त्यांनी सगळ्यांना हात करून दाखवलं.”

“मी आमच्या घराच्या वाटंवर पडलंव. माझं घर कुठं हाय ते मला ठावं नाय काय?” सोनाबाई चिडली आणि मग एकदम विझली. “पन गुरुजी शिकलेलं हायत. मी अडानी. मला आकडा वाचता येत नाय, मग दिशा तरी कशी कलंल? असंच बोलले सगले. जा पोरांनो, माझं कोन ऐकतंय.”

तिचंही खरंच वाटत होतं. तीन माणसं, तिन्ही खरी, आणि नंबर मात्र उद्या पुसला जाणार. वेणूला शुक्रवारची रात्रभर झोप लागली नव्हती.

“झाला!” राजसने पेरिस्कोप डोळ्याला लावला आणि रिक्षामागे जाऊन खाली बसला. “बघा, खाली बसून मला नंबर वाचता येतोय. सहासष्ट.”

“मला दे.”

“थांब ना!”

ओढाताण झाली. व्हायचं तेच झालं. डिंक ओलाच होता. वरचा आरसा निखळून वेणूच्या पायाशी पडला.

भाऊबहीण भांडत राहिले. वेणूने तुकडा उचलला आणि दोघांकडे, रिक्षाकडे पाठ करून उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते आबांना दिसायला नको होते. आबा बघतायत का, हे बघायला तिने आरसा खांद्यावरून मागे धरला. ओटा दिसला. आबा दिसले. त्यांच्या शेजारी रिक्षा, रिक्षावर पिवळा गोल.

गोलात तेहेतीस लिहिलं होतं.

वेणूने मागे वळून पाहिलं. ६६. परत आरशात पाहिलं. ३३.

“राजस,” ती हळूच म्हणाली, “आरशात आमची रिक्षा तेहेतीस नंबरची आहे.”

भांडण जागच्या जागी थांबलं. राजसने आरसा हिसकावला, अनुयाने राजसकडून. मग तिघांनी मिळून अंगणातल्या धुळीत एक ते नऊ आकडे काढले आणि एकेक आरशात पाहिला. एक उलटा झाला की एकासारखा राहतच नव्हता. सात, आठ, नऊ तर कुठल्या भाषेतले आहेत तेही कळेना. असा आकडा कुणी आरशात पाहिला असता, तर लगेच म्हणाला असता, हे काहीतरी उलटं दिसतंय. पण तीनाचा सरळ सहा होत होता आणि सहाचा तीन. कुणाला शंकासुद्धा येऊ नये असा.

“मग पेरिस्कोपमधून बरोबर कसं दिसलं?” अनुयाने विचारलं.

“तिथे दोन आरसे आहेत. एकाने उलटं केलं की दुसरा परत सुलटं करतो,” राजस म्हणाला. हे त्याला आधी माहीत होतं की आत्ताच सुचलं, ते त्यालाच ठाऊक.

वेणूला मात्र पाच वर्षांची असतानाचं आठवत होतं. ती तीन आणि सहा यांत नेहमी गोंधळायची. तेव्हा आबा पाटीवर पेन्सिल धरून म्हणायचे, “तीनाने तोंड फिरवलं की सहा.” आबांना हे शिकवलं होतं विनायक गुरुजींनी. पनवेलमधली अर्धीअधिक माणसं हेच घोकत आकडे शिकली होती.

“गुरुजींनी आरशात बघितलं असेल तर?” ती म्हणाली.

पंधरा मिनिटांत तिन्ही सायकली विठूच्या सलूनसमोर होत्या. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. विठू स्वतःच्याच खुर्चीत डुलक्या घेत होता.

“मंगळवारी गुरुजी कुठे होते? दारात का?” वेणूने विचारलं.

“दारात कशाला? खुर्चीत. तोंडाला साबण, गळ्यावर माझा वस्तरा. ओरडाओरडा झाला तर म्हटलं, गुरुजी, मान वळवू नका, नाहीतर मी जेलात जाईन.” विठू हसला. “दाढी उरकली, मग गेले दारात सांगायला.”

“हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?”

“मला कुणी विचारलं?”

खरंच, कुणीच विचारलं नव्हतं. गुरुजींनी ‘पाहिलं’ म्हटलं, की बाकीच्यांनी ते लिहून घेतलं.

राजस खुर्चीत बसला. समोर भिंतभर आरसा, आरशात मागचा रस्ता. एक सायकलवाला कोळीवाड्याच्या दिशेने गेला. “आरशात माझ्या उजव्या हाताला गेला,” राजस म्हणाला. मग तो उठून दारात आला, रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याने उजवा हात पसरला. हात थेट एसटी स्टँडकडे गेला.

“सोनामावशी बरोबर होती,” अनुया पुटपुटली.

आता तुम्हाला वाटेल, सुटलं कोडं. मुलांनाही तसंच वाटलं होतं. पण कोडं सुटणं वेगळं आणि मोठ्या माणसांनी ते ऐकणं वेगळं. युनियनचे अध्यक्ष स्टँडवरच होते. त्यांनी अर्धं ऐकलं आणि हात हलवला. “आरसा? अरे, मीपण रोज आरशात बघतो. माझं डोकं खाली नि पाय वर दिसतात का? गुरुजी मोठे की तुम्ही? पळा घरी!” आजूबाजूचे रिक्षावाले खो खो हसले. त्यांच्यात तेहेतीस नंबरवाला बाळूही होता. तो मात्र हसला नाही, हे वेणूने पाहिलं.

घरी येऊन तिने आबांना सगळं सांगितलं. “तुझं बरोबर आसंल पोरी,” ते म्हणाले. “पन मी उठून सांगू, गुरुजी चुकले म्हनून? त्यांनी मला हात धरून आकडे गिरवायला शिकवलं. आनि मी सांगितलं तरी लोक म्हनतील, आपल्या अंगावरचं बालूवर ढकलतो. जाऊ दे.”

जाऊ दे! वेणूला रडू फुटलं. खरं काय ते कळूनही काही करता येऊ नये, याच्याइतकं वाईट दुसरं काही नसेल. काहीच माहीत नव्हतं तेव्हासुद्धा तिला एवढं असहाय्य वाटलं नव्हतं.

पण मुलं सलूनमधून निघताना विठू एक गोष्ट सहज बोलून गेला होता. उद्या मीटिंग म्हणून गुरुजी दहाला दाढीला येणार, त्यांच्यानंतर अध्यक्षांचा नंबर. “आपण सांगून कुणी ऐकणार नाही,” अनुया म्हणाली. “गुरुजींनाच सांगू दे.”

रविवारी सव्वादहाला गुरुजी खुर्चीत होते, तोंडाला साबण. अध्यक्ष बाकावर पेपर वाचत होते. वेणू कोपऱ्यात, पाण्याच्या माठाला टेकून उभी होती. “आज इकडे कुठे?” अध्यक्षांनी विचारलं, तर विठूच म्हणाला, “पाणी प्यायला आलीये, बसू दे.” त्याचा या कटात किती हात होता ते त्याने शेवटपर्यंत कबूल केलं नाही.

ठरलं होतं ते एवढंच. राजस आणि अनुया स्टँडवरून बाळूची रिक्षा करून कोळीवाड्याकडे जाणार. म्हणजे ती सलूनसमोरून जाणार. बस्स.

साडेदहा झाले. रिक्षा येईना. विठूने एक गाल उरकला. दुसरा उरकायला घेतला. बाळू नाही म्हणाला असेल का? जवळचं भाडं म्हटल्यावर रिक्षावाले मान हलवतात, हे वेणूच्या आधी लक्षातच आलं नव्हतं. आता धावत जाऊन सांगावं तर इथे कोण थांबणार? तिला दिसत होतं, दाढी संपणार, गुरुजी उठणार, अकरा वाजणार आणि ब्रश आबांच्या नंबरवरून फिरणार. आणि ती माठाला टेकून नुसती बघत राहणार.

विठूने आरशातून तिच्याकडे एक नजर टाकली. “गुरुजी, जरा खरखर राहिली हो. परत एक हात मारतो,” म्हणत त्याने पुन्हा साबण फासला.

“अरे, किती वेळ!” गुरुजी फेसातून म्हणाले.

तेवढ्यात रिक्षाचा फटफट आवाज आला. आरशात पिवळा गोल सरकत गेला.

“अध्यक्ष! अहो बघा!” गुरुजींचा आवाज चढला. मान हलवायची नाही हे चाळीस वर्षांच्या शिस्तीने त्यांच्या लक्षात होतं, म्हणून फक्त बोट वर झालं. “सहासष्ट! बंदी असताना काशिराम रिक्षा फिरवतोय. आत्ता गेला, माझ्या डोळ्यांदेखत!”

अध्यक्ष पेपर टाकून दारात धावले आणि त्यांनी उजवीकडे, एसटी स्टँडकडे पाहिलं. तिथे कुणीच नव्हतं. मग डावीकडे पाहिलं. कोळीवाड्याच्या रस्त्याला एकच रिक्षा चालली होती. तिच्या पाठीवर मोठ्या गोलात ३३ होतं.

“गुरुजी,” अध्यक्ष दारातूनच म्हणाले, “काय नंबर म्हणालात?”

“सहासष्ट म्हणालो. स्वच्छ दिसला.”

अध्यक्षांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा आरशाकडे आणि मग माठाजवळ उभ्या असलेल्या मुलीकडे. काल जिला हाकलून दिलं तीच ही, हे त्यांना आठवलं असावं. त्यांनी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. पुढे गेलेला बाळू थांबला आणि वळून परत आला.

रिक्षातून उतरता उतरता अनुया म्हणाली, “काका, तुमचा आरसा मागचं बघायला आहे ना? मग त्यात तुमचा भांगच कसा दिसतो?” बाळूने हँडलवरचा आरसा स्वतःच्या तोंडाकडे वळवून ठेवला होता. मंगळवारी रिक्षा मागे घेताना त्याला सोनाबाई का दिसली नाही, ते सगळ्यांना एकदमच कळलं. बाळूचा चेहरा उतरला. “मी घाबरलो,” तो खाली बघत म्हणाला. “दुसऱ्या दिवशी सांगणार होतो. पण तोवर काशिरामचं नाव झालं होतं.”

गुरुजी अर्ध्या तोंडाला साबण तसाच घेऊन रस्त्यावर आले. ते बराच वेळ त्या पिवळ्या गोलाकडे बघत उभे राहिले. मग आत गेले, आरशात पाहिलं, परत बाहेर आले. लोक जमले होते, पण कुणी हसलं नाही.

“तीनाने तोंड फिरवलं की सहा,” ते स्वतःशीच म्हणाले. “चाळीस वर्षं पोरांना शिकवलं. आणि माझ्यासमोर त्याने तोंड फिरवलं, तर मी ओळखलं नाही.”

अकराची मीटिंग झाली. रंगाचा डबा उघडलाच नाही. सोनाबाईचा पाय बरा होईपर्यंत तिला रोज बाजारात नेणं-आणणं बाळूने करायचं आणि तोवर स्टँडवर उभं राहायचं नाही, असं ठरलं. गुरुजींनी सगळ्यांसमोर काशिरामपुढे हात जोडले. आबांनी ते हात धरून खाली केले, काही केल्या त्यांना ते पाहवेना. अध्यक्षांनी राजस, अनुया आणि वेणूला पुढे बोलावलं. “काल मी तुम्हाला पळा म्हणालो. आज सांगतो, या पोरांनी युनियनची लाज राखली,” ते म्हणाले. टाळ्या झाल्या. गुरुजींनी वेणूच्या डोक्यावर हात ठेवला. “आज तू गुरू आणि मी विद्यार्थी,” ते म्हणाले.

वेणूला छान वाटलं. खूपच छान वाटलं. पण बाकावर प्लास्टरचा पाय पुढे करून सोनाबाई बसली होती, आणि तिच्यासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती.

“गुरुजी,” वेणू म्हणाली, “सोनामावशीने पहिल्याच दिवशी बरोबर सांगितलं होतं. रिक्षा कुठे गेली ते.”

सगळे सोनाबाईकडे वळले. ती पदर सावरत म्हणाली, “मी आरशात नाय बघितलं. मी रस्त्यावर पडून बघितलं. मला आकडे येत नायत, म्हनून माझं चुकलं नाय.”

गुरुजींनी मान खाली घातली. मग ते तिच्या शेजारी जाऊन बाकावर बसले. पुढे काय बोलले ते कुणाला ऐकू आलं नाही, पण बराच वेळ बोलत होते.

दुपारी आबांनी रिक्षा बाहेर काढली. पहिली फेरी या तिघांची, आमराईला वळसा घालून. राजस आणि अनुया मागच्या सीटवर खिडकीच्या जागेवरून भांडत होते, रिक्षाला खिडकी नसते हे दोघंही विसरले होते. वेणू मध्ये बसली होती. आबांनी किक मारण्याआधी हात वर केला आणि छताकडे वळलेला आरसा हळूहळू खाली आणला. आधी आरशात छत दिसलं, मग अनुयाचं डोकं, मग आबांचं कपाळ. मग त्यांचे डोळे दिसले. ते ओले होते, आणि वेणूला ते दिसतायत हे त्यांना माहीत होतं. त्यांनी आरसा तसाच ठेवला आणि डोळा मिचकावला.

नेहमी ते डावा डोळा मिचकावायचे, निदान वेणूला तसं वाटायचं. आज पहिल्यांदाच तिला प्रश्न पडला, की तो डोळा नक्की कुठला. तो प्रश्न तिने घरी पोचेपर्यंत विचारला नाही.